तैलचित्रातली बाई: चेहरा शेवटी पाहा

अमेरिकी चित्रकार जॉन सिंगलटन कॉप्लीचं मिसेस इझिकिएल गोल्डथ्वेट (१७७१, बोस्टन) हे चित्र स्क्रीनवर मोठं करा. आधी हात पाहा: तो फळांकडे गेलाय, आणि चकचकीत टेबलात प्रतिबिंब उतरलंय. मग रेशीम. घडीच्या माथ्यावर फिकट, दाट रंग. खोलगट भागात सहसा पातळ. कपड्यांवरून श्रीमंती मोजायची घाई नको, कारण कॉप्ली इंग्रजी छापचित्रांतून पोझ आणि पोशाख सरळ उचलायचाही.

रंगाचा थर मात्र स्क्रीनवर कळत नाही. त्यासाठी फोर्टला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा संग्रहातली युरोपीय तैलचित्रं गाठा. वार्निश चमकून काही दिसेना, तर दोन पावलं बाजूला सरका. तिरप्या उजेडात तडे, उंचवटे उठून येतात. मोबाइलचा टॉर्च नको, तो पुन्हा चमकच वाढवतो.