ब्रेक ऑइल बदलायचं की नाही? ठरवताना या चुका टाळा

गॅरेजवाला म्हणतो "ऑइल काळं पडलंय, बदलून टाकू" की आपण मान डोलावतो, नाहीतर "ब्रेक मस्त लागतायत, कशाला उगाच खर्च" म्हणत पाच-सहा वर्षं तेच ऑइल चालवतो. दोन्हीकडे घोळ एकच, नुसतं बघून ठरवायचं.

रंग गडद होतो हे खरं, पण खरा त्रास पाण्याचा आणि ते डबीत डोकावून दिसत नाही. हे ऑइल ओल शोषून घेतं, अगदी होजच्या (ऑइल नेणाऱ्या नळीच्या) रबरातून पण. ताजं डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) कमीत कमी 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण साधारण 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा 155 वर येते. सिटीत फिरताना काही जाणवणार नाही हो, पण भरलेली गाडी घेऊन महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच आलात तर कॅलिपरमधलं (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणारा भाग) ऑइल उकळू शकतं, वाफ होते आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल मऊ पडून खाली जातं. (पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर ते पॅड तापल्यामुळे, तिथे ऑइलला दोष देऊ नका.) ऑइल कितीही नवं असू दे, घाट खालच्या गिअरमध्येच उतरायचा.

"गाडी फिरलीच कुठे, 8 हजार किमी तर झालेत" हेही चालत नाही, उभ्या गाडीतही ओल मुरतेच. बऱ्याच कंपन्या दोन वर्षं सांगतात, आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा आणि मागच्या वेळी कधी बदललं ते बिलावर शोधा. बिल सापडत नसेल तर सरळ बदला. ऑइलमधलं पाणी तपासायचा पेनसारखा टेस्टर लाल लाइट दाखवतो त्यावर फार विसंबू नका, तो उकळबिंदू मोजत नाही.

अजून एक कॉमन चूक म्हणजे लेव्हल खाली गेली की टॉप-अप. पॅड झिजले की त्यांना दाबणारे पिस्टन बाहेर येतात आणि लेव्हल हळूहळू उतरते, म्हणून आधी पॅड चेक करा, नाहीतर नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलले की ऑइल डबीतून ओसंडतं आणि सांडलं तिथला पेंट जातो (सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा). पॅड जाड आहेत तरी लेव्हल उतरतेय म्हणजे लीकेज, ते शोधा, आणि तोवर गाडी बाहेर काढू नका.

सिग्नलला दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठे थेंब नसेल तर बहुतेक मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा भाग) आतून गेलाय, त्याला नवीन ऑइल हा उपाय नाही.

बदलताना झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच घ्या. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, 5.1 ग्लायकॉलचं, नाव सारखं म्हणून एकाच्या जागी दुसरं ओतू नका. आणि गेल्या वर्षीची उघडी बाटली वापरायला काढू नका, सीलबंदच आणा.