व्हर्मिलियन काउंटीतले स्टोनफ्लाय: जुनी लेबलं संगणकावर चढवताना या चुका टाळा

स्टोनफ्लाय म्हणजे ओढ्या-नद्यांत वाढणारे कीटक; त्यांचे जुने नमुने अल्कोहोलच्या बाटल्यांत लेबलासह ठेवलेले असतात. ही लेबलं उतरवताना सगळ्यात महागात पडते ती 'सुधारून' लिहिण्याची सवय. लेबलवर आहे ते स्पेलिंगच्या चुकांसकट एका रकान्यात उतरवा. तुम्ही लावलेला अर्थ शेजारच्या रकान्यात. दोन्ही एकत्र केले की पुढच्याला चूक शोधायला जागाच उरत नाही.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) खरा घोळ नावांचा. तिला लागूनच इंडियानाची व्हर्मिलियन काउंटी आहे. तिच्या स्पेलिंगात 'एल' दोनदा, इलिनॉयच्या एकदाच. लेबलावरचं राज्य न पाहता काउंटी ठरवू नका. इलिनॉयमध्ये व्हर्मिलियन नावाच्या नद्याही दोन: एक वाबाश नदीला मिळते, दुसरी इलिनॉय नदीला. नुसतं 'सॉल्ट फोर्क' लिहिलं असेल तर आणखी सावध राहा. ही नदी शॅम्पेन काउंटीत सेंट जोसेफ, सिडनी, होमरवरून येते आणि मग व्हर्मिलियनमध्ये शिरते. सोबत 'ओकवुड' या गावाचं नाव असेल तर काउंटी व्हर्मिलियन. नसेल तर रकाना रिकामा ठेवा.

लेबलावर फक्त काउंटी असेल तर तिच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश देऊन मोकळं होऊ नका. अनिश्चितता जवळपास 40 किलोमीटर लिहा, नाहीतर नकाशावर मक्याच्या शेतात स्टोनफ्लायची वसाहत दिसेल. रेखांशाचं वजाचिन्हही तपासा: याच काउंटीतलं डॅनव्हिल शहर 40.12, -87.63 वर आहे. वजा गळलं की नमुना थेट चीनच्या शिनच्यांगमधल्या वाळवंटात!

'4-12-31' म्हणजे 12 एप्रिल की 4 डिसेंबर? अमेरिकेत महिना आधी लिहितात, पण कीटकशास्त्रज्ञ बरेचदा दिवस आधी आणि महिना रोमन अंकांत लिहीत. अंदाज न करता त्याच संग्राहकाची इतर लेबलं पाहा. किडाही साक्ष देतो: अॅलोकॅप्निया हा स्टोनफ्लाय हिवाळ्यात पाण्याबाहेर पडतो, त्याच्या प्रौढाला ऑगस्टची तारीख दिसली तर ती बहुधा चुकलेली. इलिनॉयचे स्टोनफ्लाय-अभ्यासक थिओडोर फ्रिसन 1945 मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या नावावर 1954 चा नमुना म्हणजे आकड्यांची अदलाबदल. स्प्रेडशीटमध्ये वर्ष, महिना, दिवस वेगळ्या रकान्यांत भरा आणि नोंदणी क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' करा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात.

जुनं नाव तसंच पुढे ढकलू नका. टेनिओप्टेरिक्स बर्कसाय या स्टोनफ्लायच्या जातीचं वर्णन 1968 मध्ये झालं. त्याआधी 'निव्हॅलिस' (टेनिओप्टेरिक्सचीच दुसरी जात) ठरवलेल्या बाटल्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. निम्फ (पूर्ण वाढ न झालेला किडा) किंवा एकटी मादी असेल तर प्रजातीवरच (जीनस, म्हणजे नावाचा पहिला शब्द) थांबा. अनेक जाती नराच्या पोटाच्या टोकावरच्या अवयवांवरूनच ओळखतात.

बाटलीतलं अल्कोहोल उतरलं असेल तर वरून 80 टक्क्यांचं ओतू नका. अल्कोहोल पाण्याआधी उडतं, त्यामुळे उरलेलं पातळ झालेलं असतं. सगळं काढून ताजं भरा, आतलं लेबल बाहेर काढून दुसऱ्या बाटलीत जाऊ देऊ नका.

आणि एका बाटलीत 40 किडे म्हणजे 40 नोंदी नव्हेत. नोंद एकच, संख्या 40.