जुना फ्लॅट ऑनलाइन विकायला काढताना: फोटो, जाहिरात आणि नंतरचे फोन

पुण्यात वीस वर्षं जुन्या सोसायटीतला टू बीएचके विकायला काढला की पहिल्या आठवड्यात येणाऱ्या फोनपैकी बरेचसे एजंटांचे असतात. उरलेल्यांतल्या अनेकांना जे हवं असतं ते तुमच्या घरात नसतंच. कुणाला दोन गाड्यांचं पार्किंग हवं असतं, कुणाच्या आईला लिफ्टशिवाय तिसरा मजला चढवत नाही. ही मंडळी रविवारी सकाळी येतात, चहा घेतात, 'कळवतो' म्हणतात. जाहिरातीने नेमकं हेच टाळायला हवं. हे घर ज्यांना खरंच चालणार आहे अशा चार-पाच जणांनी दार वाजवलं तरी पुष्कळ झालं. खालच्या पायऱ्या त्या हिशोबाने लिहिल्या आहेत. उदाहरण पुण्याचं असलं तरी ठाणे-नाशिक-नागपूरला फार फरक पडणार नाही.

१. कॅमेऱ्याआधी कागद आणि टेप

खरेदीखत किंवा करारनामा, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची पावती आणि ताजं मेंटेनन्स बिल एका फाइलमध्ये ठेवा. फोनवर विचारले जाणारे निम्मे प्रश्न याच फाइलमधले असतात.

मग क्षेत्रफळ. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. जुन्या करारात आकडा चौरस मीटरमध्ये असतो, त्याला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात. ६१.५ चौरस मीटर म्हणजे साधारण ६६२ चौरस फूट. पण हा आकडा कार्पेटचा (आतली वापरता येणारी जागा) की बिल्टअपचा (बाहेरच्या भिंतींसकट), हे करारात वाचून घ्या. २०१७ मध्ये रेरा हा घरखरेदीचा कायदा पूर्णपणे लागू झाल्यापासून ग्राहक 'रेरा कार्पेट' विचारतो. त्यात घराच्या आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, डक्ट, गॅलरी आणि मोकळी टेरेस धरत नाहीत. सरळ टेप घेऊन खोल्या मोजा आणि गॅलरीचं माप वेगळं लिहा. 'सेलेबल १०५०' असं, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून, लिहिलं तर फोन जास्त येतील, पण माणूस हॉलमध्ये उभा राहिला की त्याला खरं माप दिसतंच.

किंमत ठरवताना शेजारच्या काकांनी सांगितलेल्या भावावर जाऊ नका. घरविक्रीच्या पोर्टलवर दिसतात त्या मागितलेल्या किमती, मिळालेल्या नव्हेत. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये मोफत शोध घेता येतो. जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा सिटीएस (नगर भूमापन) क्रमांक टाकला की नोंदलेल्या दस्तांचे इंडेक्स टू दिसतात. त्यात मोबदला आणि क्षेत्रफळ दोन्ही असतात. साइट हळू चालते, कॅप्चा छळतो, तरी एक संध्याकाळ घालवा. आपल्याच सोसायटीत किंवा गल्लीत गेल्या वर्ष-दोन वर्षांत काय भाव नोंदला गेला ते कळतं.

आणखी एक बारकी गोष्ट. शोधणारा माणूस पोर्टलवर '९० लाखांपर्यंत' असा फिल्टर लावतो. तुमची किंमत ९१ लाख असेल तर तुमचं घर त्याला दिसणारच नाही.

२. आदल्या दिवशी आवराआवर

रंगरंगोटीचा खर्च नको, वस्तू कमी करा. किचनच्या ओट्यावर गॅस आणि फार तर एक बरणी राहू द्या. मिक्सर, तेलाचे कॅन, फ्रिजवरचे मॅग्नेट आणि बिलं आत. ड्राय बाल्कनीतल्या बादल्या आणि गॅलरीतली कपड्यांची दोरी काढा. कॉटखालून डोकावणाऱ्या बॅगा जमिनीवरून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाहीत, फोटोत मात्र लगेच दिसतात. फरशी कोरडी पुसा. ओल्या फरशीवर पायाचे ठसे उमटतात.

दुसरी आवराआवर सुरक्षिततेची. घरातल्यांचे फोटो, मुलांच्या शाळेची पदकं, दारावरची पाटी, भिंतीवर टांगलेल्या किल्ल्या, कपाटातली तिजोरी, पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर हे काहीही चौकटीत येऊ देऊ नका. फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशनही बंद करा. देवघर ठेवावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण चांदीची मूर्ती असेल तर फोटोपुरती आत ठेवलेली बरी.

३. फोटो काढताना

चांगला फोन पुरतो. आधी लेन्स मऊ कापडाने पुसा. खिशातल्या फोनची लेन्स तेलकट असतेच आणि त्यामुळे खिडकीभोवती धुकं दिसतं. कॅमेऱ्यात ग्रिड (स्क्रीनवरच्या मदतीच्या रेघा) आणि एचडीआर (उजेड-सावली सांभाळणारी सोय) सुरू करा, फ्लॅश बंद.

खोलीच्या कोपऱ्यात किंवा दारात उभे राहा, फोन आडवा धरा आणि छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून चार-सव्वाचार फुटांवर ठेवा. बहुतेकजण डोळ्याच्या उंचीवरून फोन खाली झुकवतात. मग भिंती तिरक्या पडतात आणि खोली लहान वाटते. फोन पुढे-मागे न झुकवता ग्रिडची उभी रेघ दाराच्या चौकटीशी जुळवली की हा दोष जातो. किचनला मात्र थोडं वर जावं लागतं, नाहीतर ओट्याची कडच दिसत राहते.

०.५ची वाइड लेन्स मोहात पाडते. दहा बाय अकराची बेडरूम तिच्यात हॉलएवढी दिसते, कडेचा फ्रिज ताणला जातो, आणि पाहायला आलेला माणूस दारातच 'फोटोत मोठी वाटली होती' म्हणतो. तिथून पुढे तो प्रत्येक गोष्टीवर संशय घेतो. साधी १ची लेन्स वापरा. बाथरूमसारख्या जागी मागे सरकायला वावच नसेल तेवढ्यापुरती वाइड घ्या.

उजेड हा यातला सगळ्यात मोठा भाग आहे, आणि तो फुकट आहे. हॉलची गॅलरी पूर्वेला असेल तर सकाळी सात-आठचं ऊन थेट आत येतं आणि फोटो अर्धा पांढरा, अर्धा काळा होतो. ऊन वर चढल्यावर, साडेनऊ-दहाला, तोच हॉल सारखा उजळतो. पश्चिमेच्या खोल्या दुपारच्या आधी घ्या. म्हणजे एकाच वेळी सगळं घर उरकत नाही. खोलीगणिक वेळ ठरवा. पडदे पूर्ण उघडा, पंखा बंद करा. दिवे लावायचे तर सगळे एकाच रंगाचे लावा, कारण पांढरी ट्यूब आणि पिवळा बल्ब एकत्र लावले की भिंत आजारी दिसते. स्क्रीनवर खिडकीला स्पर्श केला तर खोली काळोखी होते. भिंतीला स्पर्श करून मग उजेड थोडा कमी करा.

जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत हॉलचे फोटो मऊ आणि छान येतात, पण इमारतीचा बाहेरचा फोटो कळकट येतो. तो पावसाळ्याआधी काढून ठेवा. भिंतीला ओल असेल तर ती ॲपने पुसू नका. दुरुस्त करा, किंवा तसं सांगा. नाहीतर तीच जागा ग्राहक हाताने चाचपून पाहणार.

प्रत्येक खोलीचे दोन कोन पुरतात. एकूण बारा-पंधरा फोटो लावा आणि तेही घरात शिरल्याच्या क्रमाने: हॉल, गॅलरी, किचन, बेडरूम, बाथरूम, मग जिना किंवा लिफ्ट, पार्किंग, इमारत. पहिला फोटो घरातल्या सगळ्यात उजळ जागेचा. गॅलरीतून झाड दिसत असेल तर ते लावा. समोरच्या इमारतीची भिंत दिसत असेल तर तीही एका फोटोत असू द्या.

४. व्हिडिओ आणि नकाशा

दीड मिनिटाचा एकसलग व्हिडिओ घ्या: गेटपासून लिफ्ट, दार, हॉल आणि पुढे. संगीत नको. गॅलरीत दहा सेकंद थांबा म्हणजे रस्त्याचा आवाज किती ते ऐकू येईल. पुण्याबाहेरून किंवा अमेरिकेतून घर शोधणाऱ्याला हा व्हिडिओ फोटोंपेक्षा उपयोगी पडतो. करारामागे जोडलेल्या नकाशावरून साधा आराखडा काढून खोल्यांची मापं लिहा आणि उत्तर दिशा दाखवा. वास्तू पाहणारे दार कुठल्या दिशेला हे पहिल्याच फोनवर विचारतात. व्हॉट्सॲप फोटोचा दर्जा कमी करतं, म्हणून पाठवताना एचडी निवडा.

५. मजकूर

'आलिशान', 'स्वप्नातलं घर' असं काही नको. साधारण असं लिहा:

'कोथरूड, वनाज मेट्रो स्थानकापासून चालत दहा मिनिटं. २ बीएचके, तिसरा मजला (एकूण ४), लिफ्ट आहे. मोजलेलं कार्पेट ६१० चौ. फूट, गॅलरी वेगळी ४५. दार पूर्वेला. इमारत २००४ची, भोगवटा प्रमाणपत्र आहे, डीम्ड कन्व्हेयन्स झालं आहे. झाकलेलं पार्किंग एक, मोठ्या एसयूव्हीला अडचणीचं. उन्हाळ्यात टँकर येतो. मेंटेनन्स महिना २,८०० रुपये. फ्लॅटवर कर्ज नाही. ९० लाख, समोरासमोर बोलू.'

डीम्ड कन्व्हेयन्स म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमिनीची मालकी सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावावर होणं. एसयूव्ही आणि टँकरची वाक्यं गाळावीशी वाटतील. राहू द्या, ती तुमचे दोन रविवार वाचवतात. मालक परदेशात राहत असेल तर तेही इथेच लिहा, कारण खरेदीदाराला टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) वेगळ्या दराने कापावा लागतो आणि सह्या कोण करणार हा प्रश्न येतो.

६. कुठे टाकायची

९९ एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाउसिंग, नोब्रोकर यांपैकी दोन पुरेत. सगळीकडे टाकलीत तर किंमत बदलताना एखादी जागा राहते आणि मग त्याच घराचे दोन भाव फिरतात. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप विसरू नका. त्याच इमारतीत भाड्याने राहणारे किंवा आईवडिलांना जवळ आणू पाहणारे चांगले ग्राहक असतात.

जाहिरातीसाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. नकाशा, व्हिडिओ आणि फोटो एका ठरावीक उत्तरात ठेवता येतात. एजंट चालणार असेल तर ब्रोकरेज किती आणि कुणाकडून हे आधी बोला. नसेल तर तसं लिहा. फोन तरीही येतीलच.

७. फोन आणि टोकन

'मी लष्करात आहे, बदली झाली आहे, घर न बघताच टोकन पाठवतो' असा फोन आला आणि पाठोपाठ क्यूआर कोड आला तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला लागतो. ओटीपी कुणालाही सांगू नका. कागदांच्या प्रती पहिल्याच फोनवर पाठवू नका. घर पाहून गेलेल्याला समोर बसवून दाखवा, आणि आधार द्यायचंच झालं तर आकडे झाकलेली मास्क्ड प्रत द्या.

टोकन बँकेतून आलं आणि अटी लिहून झाल्या की जाहिरात त्याच संध्याकाळी 'विकलं गेलं' करा. ग्रुपवरही कळवा. तुमचे फोटो उचलून काही एजंटांनी स्वतःच्या नावाने टाकलेले असतात. पोर्टलवर आपल्या सोसायटीचं नाव शोधा आणि तशा जाहिराती रिपोर्ट करा. वेगळं सिम मात्र खरेदीखत नोंदेपर्यंत चालू ठेवा, कारण ग्राहकाचं कर्ज मंजूर झालं नाही तर दुसऱ्या नंबरावर असलेल्या माणसाला तुम्हालाच फोन करावा लागेल.