ब्रिटनमध्ये गणिताच्या पदवीसाठी अर्ज करायचा असेल, तर ए-लेव्हलचे विषय कसे निवडावेत

केंब्रिज, ऑक्सफर्ड, इम्पीरियल किंवा वॉरिक अशा विद्यापीठांत गणिताच्या पदवीसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याची खरी निवड अर्ज भरण्याच्या दीड-दोन वर्षे आधी, जीसीएसई या सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेनंतरच्या दोन वर्षांच्या ए-लेव्हल अभ्यासक्रमाचे विषय ठरवतानाच सुरू होते. त्या वेळी घ्यायच्या निर्णयांपैकी एकच निर्णय असा आहे की जो चुकला तर पुढे सुधारणे फार अवघड जाते, आणि तो म्हणजे फर्दर मॅथ्स घ्यायचे की नाही. बाकीच्या विषयांत विद्यापीठे बरीच मोकळीक देतात. मात्र घरोघरी चर्चा रंगते ती तिसरा विषय फिजिक्स असावा की इकॉनॉमिक्स यावर, आणि फर्दर मॅथ्सची चौकशी ‘शाळा सांगेल तसे’ म्हणून मागे पडते. हा क्रम उलटा करावा, एवढ्यासाठीच हे मार्गदर्शन लिहीत आहे.

इंग्लंडमध्ये २०१७ पासून ए-लेव्हल मॅथ्सचा आशय सर्व परीक्षा मंडळांसाठी एकच ठरवून दिलेला आहे. त्यात शुद्ध गणिताबरोबर संख्याशास्त्र आणि मेकॅनिक्स हे दोन्ही भाग सर्वांनाच करावे लागतात. फर्दर मॅथ्स हा त्याचा वाढीव तुकडा नसून मॅथ्सच्या जोडीने घेण्याचा स्वतंत्र, पूर्ण वजनाचा ए-लेव्हल विषय आहे. संमिश्र संख्या, मॅट्रिक्स, इंडक्शनने द्यायच्या सिद्धता, ध्रुवीय निर्देशक, हायपरबोलिक फलने आणि दुसऱ्या कोटीची विकलक समीकरणे यांची पहिली खरी ओळख तिथेच होते. पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवणारे प्राध्यापक ही ओळख झालेली आहे असे बहुधा गृहीत धरतात. जिथे ते औपचारिकपणे गृहीत धरत नाहीत तिथेही शिकवण्याचा वेग असा असतो, की पहिल्यांदाच मॅट्रिक्सचा गुणाकार करणारा विद्यार्थी आणि वर्षभर तो केलेला विद्यार्थी यांच्यातले अंतर पहिल्या काही आठवड्यांतच दिसू लागते.

विद्यापीठांच्या अटीही याच दिशेने बोलतात. केंब्रिजची नेहमीची अट ए-स्टार, ए-स्टार, ए अशी (ए-स्टार ही सर्वोच्च श्रेणी, ए त्याखालची) असून दोन्ही ए-स्टार मॅथ्स आणि फर्दर मॅथ्समध्ये अपेक्षित असतात, आणि त्याशिवाय स्टेप या गणिताच्या प्रवेश परीक्षेच्या दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत ‘१’ ही श्रेणी मागितली जाते. ऑक्सफर्डची अटही ए-स्टार, ए-स्टार, ए हीच असते, परंतु ज्यांच्या शाळेत फर्दर मॅथ्स उपलब्धच नाही अशांसाठी तिथे वेगळी तरतूद आहे. ही तरतूद नीट समजून घ्यायला हवी. विषय उपलब्ध नसणे आणि उपलब्ध असून न घेणे या दोन गोष्टींकडे प्रवेश देणारे प्राध्यापक अगदी वेगळ्या नजरेने पाहतात. पहिल्या परिस्थितीत विद्यार्थ्याला समजून घेतले जाते; दुसऱ्या परिस्थितीत ‘गणितच शिकायचे आहे म्हणता, मग समोर असलेले गणित का सोडले?’ या प्रश्नाला पटण्याजोगे उत्तर देणे कठीण होते.

शाळेत फर्दर मॅथ्स नसेल तर पुढच्या क्रमाने प्रयत्न करावेत. प्रथम शाळेला लेखी विचारावे, कारण काही शाळा चार-पाच विद्यार्थी जमले तर वर्ग सुरू करतात किंवा शेजारच्या शाळेबरोबर एकत्र तास ठेवतात. शाळेने अॅडव्हान्स्ड मॅथेमॅटिक्स सपोर्ट प्रोग्रॅम या सरकारी मदतीवर चालणाऱ्या उपक्रमाकडेही चौकशी करावी. पूर्ण ए-लेव्हल जमत नसेल तर एएस-लेव्हल (साधारण अर्ध्या ए-लेव्हलएवढे) फर्दर मॅथ्स एका वर्षात करता येते आणि विद्यापीठे त्याची दखल घेतात. यातले काहीच शक्य झाले नाही, तर शाळेच्या शिफारसपत्रात ‘हा विषय आमच्याकडे शिकवला जात नाही’ हे वाक्य स्पष्टपणे यायला हवे. शिफारसपत्र शिक्षक लिहितात, त्यामुळे ही आठवण विद्यार्थ्यानेच वेळेवर करून द्यावी.

फर्दर मॅथ्सच्या आतही निवड करावी लागते, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. या विषयाचा साधारण निम्मा भाग सर्वांना सक्तीचा असतो आणि उरलेला ऐच्छिक. एडेक्सेल या परीक्षा मंडळाच्या रचनेत, उदाहरणार्थ, दीड-दीड तासाच्या चार प्रश्नपत्रिका असतात. दोन मूळ शुद्ध गणिताच्या, तर उरलेल्या दोन वाढीव शुद्ध गणित, संख्याशास्त्र, मेकॅनिक्स आणि डिसिजन मॅथ्स यांमधून निवडलेल्या. प्रत्यक्षात ही निवड बहुधा शाळाच करते. तरीही ती विद्यार्थ्याच्या हाती असेल, तर निदान एक ऐच्छिक प्रश्नपत्रिका वाढीव शुद्ध गणिताची असावी आणि दुसरी आवडीप्रमाणे मेकॅनिक्स किंवा संख्याशास्त्राची असावी, असे मी सुचवेन. डिसिजन मॅथ्समध्ये आलेख आणि अल्गोरिदम येतात आणि तो विषय वाईट नाही, पण परीक्षेत त्याचा बराच भाग ठरलेली कृती हाताने पार पाडण्याचा असतो, आणि गणिताच्या पदवीची तयारी म्हणून त्याचा उपयोग त्यामानाने कमी. कोणतीही ऐच्छिक प्रश्नपत्रिका घेतल्याने प्रवेश मात्र अडत नाही.

आता प्रवेश परीक्षांकडे वळू, कारण तिसरा-चौथा विषय ठरवताना त्यांचाच विचार आधी करावा लागतो. स्टेपच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत बारा प्रश्न असतात: आठ शुद्ध गणिताचे, दोन मेकॅनिक्सचे आणि दोन संभाव्यता व संख्याशास्त्राचे. वेळ तीन तास, प्रत्येक प्रश्नाला २० गुण, आणि सर्वांत चांगल्या सहा उत्तरांचेच गुण धरले जातात. कॅल्क्युलेटर वापरता येत नाही. दुसरी प्रश्नपत्रिका ए-लेव्हल मॅथ्स आणि एएस फर्दर मॅथ्सच्या आशयावर, तर तिसरी संपूर्ण फर्दर मॅथ्सच्या आशयावर आधारलेली असते. टीएमयूए (टेस्ट ऑफ मॅथेमॅटिक्स फॉर युनिव्हर्सिटी अॅडमिशन) ही दुसरी प्रवेश परीक्षा वेगळ्या वळणाची आहे: प्रत्येकी ७५ मिनिटांच्या दोन भागांत वीस-वीस बहुपर्यायी प्रश्न, आणि त्यांतला दुसरा भाग गणिती तर्काचा. कोणत्या विद्यापीठाला कोणती परीक्षा लागते हे अलीकडे वारंवार बदलले आहे, म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीचे विद्यापीठाचे संकेतस्थळच प्रमाण मानावे. मोठ्या भावंडाचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही.

या परीक्षा ए-लेव्हलपेक्षा नेमक्या कशात वेगळ्या आहेत, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. शून्यापासून पाय-चतुर्थांशापर्यंत (π/४) लॉग (१ + टॅन क्ष) याचे संकलन करायचे आहे, इथे लॉग म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम. नेहमीच्या कोणत्याही पद्धतीने ते सुटत नाही. स्टेपच्या धाटणीचा प्रश्न आधी एक सर्वसाधारण गोष्ट सिद्ध करायला सांगेल: शून्यापासून अ पर्यंतच्या संकलनात क्ष च्या जागी (अ − क्ष) ठेवले तरी किंमत बदलत नाही. मग ती इथे वापरायची हे विद्यार्थ्याला स्वतः सुचायला हवे. टॅन (पाय-चतुर्थांश − क्ष) म्हणजे (१ − टॅन क्ष) भागिले (१ + टॅन क्ष). त्यात १ मिळवला की २ भागिले (१ + टॅन क्ष) उरते. म्हणजे आपले संकलन हे पाय-चतुर्थांश गुणिले लॉग २ यातून तेच संकलन वजा केल्याइतके आहे, आणि उत्तर येते पाय-अष्टमांश गुणिले लॉग २. यातली प्रत्येक पायरी ए-लेव्हलच्या आवाक्यातली आहे, पण त्या या क्रमाने जोडण्यासाठी प्रश्नासमोर बराच वेळ, काही सुचत नसतानाही, बसून राहण्याची सवय लागते. ती सवय अंगी मुरायला वर्ष-दीड वर्ष लागते, आणि विषयनिवड करताना आठवड्याचे हे तास मोकळे ठेवलेच पाहिजेत. केंब्रिजचा स्टेप सपोर्ट प्रोग्रॅम आणि एनरिच हे गणिती प्रश्नांचे संकेतस्थळ ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत. पहिल्याची सुरुवात अगदी जीसीएसईच्या पायावरून होते, त्यामुळे इयर १२ च्या, म्हणजे ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षाच्या, आरंभीच ती हाती घेता येतात.

या पार्श्वभूमीवर चौथ्या ए-लेव्हलचा मोह तपासून पाहावा. विद्यापीठांच्या अटी तीन विषयांवर बेतलेल्या असतात. मॅथ्स आणि फर्दर मॅथ्स धरून तीन विषय ही पूर्णपणे मान्य निवड आहे; काही शाळा फर्दर मॅथ्सला चौथाच विषय मानतात आणि त्यासोबत आणखी दोन घ्यायला लावतात, तेव्हा चार विषय नाइलाजाने होतात, हा भाग वेगळा. स्वखुशीने चौथा विषय घेणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की स्टेप जून महिन्यात, ए-लेव्हलच्या परीक्षांच्या धामधुमीतच येते, आणि त्या आठवड्यांत चौथ्या विषयाची उजळणी ज्या तासांतून काढावी लागते ते तास नेमके स्टेपचे असतात. चार ए-लेव्हल असूनही स्टेपची श्रेणी हुकली तर केंब्रिजची जागा जाते. तीनच असून ती मिळाली तर चौथ्याबद्दल कोणी विचारत नाही.

तिसऱ्या विषयाबद्दल मात्र मन मोकळे ठेवावे. फिजिक्स ही सर्वांत रुळलेली निवड आहे आणि मेकॅनिक्सची गोडी असणाऱ्याला ती शोभतेही. केंब्रिजमध्ये पहिल्या वर्षी गणिताबरोबर भौतिकशास्त्र घेण्याचा जो पर्याय आहे, त्याचा विचार असणाऱ्याने तर फिजिक्स घ्यावेच. परंतु फिजिक्समुळे गणित पक्के होते हा समज फारसा खरा नाही, कारण ए-लेव्हल फिजिक्स कॅल्क्युलसवर जवळजवळ अवलंबून नसते. कॉम्प्युटर सायन्स, केमिस्ट्री, इकॉनॉमिक्स, इतिहास, संगीत, एखादी भाषा यांपैकी काहीही चालते. ऑक्सफर्डच्या गणित व संगणकशास्त्र या जोडपदवीलासुद्धा कॉम्प्युटर सायन्सचे ए-लेव्हल सक्तीचे नाही, आणि गणित व तत्त्वज्ञान या जोडपदवीला तत्त्वज्ञानाचे नाही. मात्र तिथे निबंधलेखनाची सवय लावणारा विषय नक्कीच कामी येतो. ज्या विषयात विद्यार्थ्याला ए श्रेणी ओढाताण न करता मिळेल आणि जो वाचताना कंटाळा येणार नाही, तोच तिसरा विषय म्हणून सर्वांत सुरक्षित होय. नावडते फिजिक्स केवळ ‘शोभते’ म्हणून घेतलेल्या विद्यार्थ्याची श्रेणी त्याच विषयात घसरते, आणि अट तर तिन्ही विषयांवर असते.

ए-लेव्हलऐवजी आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) करणाऱ्यांसाठी निवड थोडक्यात सांगता येते: मॅथेमॅटिक्समध्ये अॅनालिसिस अँड अॅप्रोचेस हा प्रकार, आणि तोही हायर लेव्हललाच. अॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन हा दुसरा प्रकार या विद्यापीठांच्या गणित पदवीसाठी घेऊ नये. आयबीत पूर्वी फर्दर मॅथेमॅटिक्स हा स्वतंत्र विषय होता, तो २०१९ च्या फेररचनेत बंद झाला. त्यामुळे मॅट्रिक्स आणि हायपरबोलिक फलने यांसारखे स्टेपच्या तिसऱ्या प्रश्नपत्रिकेला लागणारे भाग अॅनालिसिसच्या विद्यार्थ्याला स्वतःहून शिकावे लागतात. त्यासाठी इयर १२ नंतरची उन्हाळ्याची सुट्टी आधीच राखून ठेवावी.

वेळापत्रकाबाबत दोन गोष्टी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या अर्जांची यूकॅसची (विद्यापीठांचे अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रीय संस्थेची) मुदत १५ ऑक्टोबरला, म्हणजे इयर १३ सुरू झाल्यावर जेमतेम दीड महिन्यात संपते, आणि टीएमयूएसारखी परीक्षाही त्याच सुमारास असते. म्हणजे विद्यापीठ पहिल्यांदा विद्यार्थ्याकडे पाहते तेव्हा त्याच्या हाती प्रामुख्याने इयर १२ मधलेच गणित असते. दुसरी गोष्ट शाळेच्या शिकवण्याच्या क्रमाची. काही शाळा पहिल्या वर्षात संपूर्ण मॅथ्स उरकून दुसऱ्या वर्षात फर्दर मॅथ्स शिकवतात, तर काही दोन्ही विषय दोन वर्षे समांतर चालवतात. पहिल्या पद्धतीत फर्दर मॅथ्सचा बराचसा भाग अर्जानंतर शिकवला जातो, म्हणून मुलाखतीपूर्वी संमिश्र संख्या आणि इंडक्शन स्वतः वाचून घ्यावे लागते.

म्हणून विषयांच्या अर्जावर सही करण्यापूर्वी शाळेत जाऊन गणित विभागप्रमुखांना तीन गोष्टी विचाराव्यात: फर्दर मॅथ्सचा वर्ग यंदा नक्की भरणार आहे का, त्यातले ऐच्छिक भाग कोणते, आणि ते कोणत्या क्रमाने शिकवले जातील. विद्यार्थ्याचे मन अजून ठरत नसेल तर सप्टेंबरमध्ये फर्दर मॅथ्स धरून चार विषयांनी सुरुवात करावी आणि पहिल्या चार-सहा आठवड्यांत एक सोडावा. चालू असलेला विषय ऑक्टोबरमध्ये सोडता येतो; फर्दर मॅथ्सच्या वर्गात मात्र ऑक्टोबरमध्ये नव्याने शिरणे बहुतेक शाळांत जमत नाही.