वेल्डचा सांधा हाताला लागू नये म्हणून

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे तुटके पार्ट वेल्ड होऊन येतात, पण सांध्यावर टेंगूळ राहतं आणि सूत नेमकं तिथंच अडकतं. आधी चिपिंग हातोडीने स्लॅग, म्हणजे वेल्डवर जमलेली कडक खपली, झाडा, तारेचा ब्रश मारा. गरम सांध्यावर पाणी ओतू नका. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) पार्ट असेल तर तडकलाच समजा. ग्राइंडरने टेंगूळ पाऊणच उतरवा, उरलेलं कानशीने. सांधा मार्करने काळा करून कानस हलकेच फिरवा: उंचवटा तेवढा चकाकतो, खोलगट भाग काळाच राहतो. चकाकेल तिथंच घासायचं. शेवटी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, तेलाचा थेंब टाकून. ग्राइंडरखाली लोखंड निळं पडलं, तर तुम्ही उगाच जोर लावताय.