हॅन्ड सर्जरीत यायचंय? आधी थेरपीच्या टेबलाशी बसा

ऑर्थोचं (हाडांचं) एमएस किंवा प्लास्टिक सर्जरीचं एमसीएच झाल्यावर हॅन्डची फेलोशिप (हाताच्या शस्त्रक्रियेचं पुढचं प्रशिक्षण) करावी का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एकच: करा. ठाणे-नवी मुंबईत या कामाला तोटा नाही. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तळोजा इथली प्रेस मशीनखाली सापडलेली बोटं, संक्रांतीत मांज्याने कापलेले हात, दहीहंडीला मोडलेली मनगटं, आणि घोडबंदर रोड किंवा शीव-पनवेल महामार्गावर बाइकवरून पडून खांद्यापासून लुळे पडलेले हात. रुग्ण बहुतेक तरुण, घर चालवणारा. 2025पर्यंत लागू असलेल्या 1923च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला की कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं धरत, तर्जनी पूर्ण गेली की 14 टक्के. तो अंगठा तुम्ही जगवलात आणि माणूस परत पाना धरायला लागला, यासारखं समाधान शस्त्रक्रियेच्या फार थोड्या शाखांत मिळतं.

पण फक्त तुटलेली बोटं जोडायच्या ओढीने येऊ नका. अंगठा, एकापेक्षा जास्त बोटं, लहान मूल, तळव्यातून किंवा मनगटातून स्वच्छ कापलेला हात, इथे जोडायचा प्रयत्न करायचाच. मोठ्या माणसाची एकटी तर्जनी मुळाशी चिरडून तुटली असेल, तर रात्रभर खपून जोडलेलं बोट जगतं, पण ताठ राहतं, थंडीत ठणकतं, आणि कामगार ते बाजूला ठेवून मधल्या बोटाने काम करतो. नीट बंद केलेलं थोटूक घेऊन तो कितीतरी लवकर कामावर जातो. तिथे नातेवाइकांना समजावून नाही म्हणणं हेही कौशल्यच आहे.

आणि आसपासच्या कारखान्यांत जाऊन एवढं शिकवा: तुटलेलं बोट सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी गोठून मरतात. नीट थंड ठेवलेल्या बोटाला साधारण 24 तास मिळतात, तसंच आणलेल्याला 12. तुटलेल्या भागात स्नायू असेल, म्हणजे मनगटाच्या वरचा हात, तर थंड न ठेवता जेमतेम 6.

आता तो सापळा, ज्यात जवळजवळ प्रत्येक नवखा अडकतो: झोन 2मधली फ्लेक्सर टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी, बोट मिटवणारी दोरी). झोन 2मध्ये, म्हणजे तळव्याच्या पुढच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत, दोन टेंडन एकाच अरुंद नळीतून सरकतात. चार पदरी कोअर (टेंडनच्या आतून जाणारा मुख्य) टाका, 3-0 किंवा 4-0 जाडीच्या धाग्याने, कापलेल्या कडेपासून साधारण सेंटिमीटरभर आत, कडेने 6-0ची बारीक शिवण, ए2 आणि ए4 पुली (टेंडनला हाडाशी धरून ठेवणारे नळीचे पट्टे) शाबूत. हे सगळे शिकतात. अ‍ॅड्रेनलिन घातलेल्या लिग्नोकेनने (जागा बधिर करणारं औषध) जागेपणी करत असाल (जास्तीत जास्त 7 मिलिग्रॅम प्रति किलो, टोचल्यावर अर्धा तास थांबा), तर त्वचा बंद करण्याआधी रुग्णाला बोट मिटायला सांगा. शिवण पुलीत अडकते का, टोकांमध्ये फट पडते का, हे तिथेच दिसतं आणि तिथेच दुरुस्त करता येतं.

आणि इथेच काम संपलं असं वाटतं. नाही संपलं! पहिले तीन आठवडे टेंडनला स्वतःची ताकद जवळपास नसते, सगळा भार टाक्यांवर. घाबरून प्लास्टरमध्ये तीन आठवडे स्थिर ठेवलंत, की टेंडन नळीला चिकटते. मोकळं सोडलंत, की रुग्ण पिशवी उचलतो आणि ती तुटते. मधली वाट फक्त थेरपीची, म्हणजे हाताच्या व्यायामोपचाराची: हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट (आधाराची कडक पट्टी), तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून दुसऱ्या हाताने बोटं पूर्ण मिटवणं, मग स्वतःच्या ताकदीने अर्धी मूठ. स्प्लिंट सहा आठवडे, जड काम बारा आठवड्यांनंतर.

तिसऱ्या दिवशी रुग्ण येत नाही. रोजंदारी बुडते, लोकलच्या गर्दीत स्प्लिंट सांभाळता येत नाही, किंवा गावी कुणीतरी बजावतं, 'हात अजिबात हलवू नको'. म्हणून थेरपिस्टची भेट ऑपरेशनच्या आधी घडवा. स्प्लिंट घातल्याशिवाय डिस्चार्ज नको. व्यायामाचं चित्रण रुग्णाच्याच मोबाइलवर, त्याच्याच हाताचं, त्याच्याच भाषेत करून द्या, आणि घरातल्या एकाला शिकवा. तरीही बोट चिकटलं, तर हताश होऊ नका. सांधे दुसऱ्या हाताने पूर्ण वाकत असतील, तर तीन महिन्यांनंतर टेंडन मोकळी करता येते. मात्र त्यानंतरची थेरपी दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायला हवी.

धीर धरायला लावणारं काम नसांचं (नर्व्हचं, रक्तवाहिन्यांचं नव्हे). नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. बाइकच्या अपघातात ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं) उखडलेल्या रुग्णाला 'थांबा, आपोआप येईल' म्हणून वर्षभर बसवून ठेवणं हा अन्याय आहे. हालचाल परतण्याची चिन्हं नसतील, तर सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया हवी. तोवरचा धीर देणाऱ्या केसेसही भरपूर असतात. कार्पल टनेल (मनगटातली दबलेली नस) सोडवल्यावर कित्येक जणांच्या रात्रीच्या मुंग्या काही दिवसांतच थांबतात.

सूक्ष्मदर्शकाचा सराव फेलोशिपची वाट न पाहता सुरू करा. कोंबडीच्या मांडीतली रक्तवाहिनी जवळपास बोटातल्या धमनीएवढी, मिलिमीटरच्या आसपास असते. त्यावर 10-0 नायलॉनच्या अतिबारीक धाग्याने शिवा, मनगट टेबलावर टेकवून. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेच्या प्रमाणपत्रावर हॅन्ड सर्जन म्हणून पाटी लावायचा मोह टाळा, त्याची किंमत रुग्ण मोजतो.

राष्ट्रीय परीक्षा मंडळाची दोन वर्षांची एफएनबी ही फेलोशिप असो किंवा दुसरी कुठली फेलोशिप, जागा बघायला जाल तेव्हा तिथल्या फेलोंना गाठून विचारा: थेरपिस्ट पूर्णवेळ आहे का, सर स्वतः थेरपीच्या खोलीत येतात का, सहा महिन्यांनंतर बोट किती वाकतं याची मापं लिहून ठेवतात का, आणि रात्रीच्या केसला सुई फेलोच्या हातात येते का.