चौकोन डोळ्यावर, फोकस कानावर: प्रत्येक लेन्ससाठी ऑटोफोकस कसा जुळवायचा

ओळखीतलं कुणी डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेऊन माझ्याकडे आलं की तक्रार बहुधा ठरलेली असते. ८५ एमएम एफ १.८ ने पोर्ट्रेट काढलं, फोकसचा चौकोन नीट डोळ्यावर होता, कॅमेऱ्याने बीपही दिला. मोठ्या पडद्यावर पाहिलं तर पापण्या मऊ आणि कानाजवळचे केस मात्र एकेक मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. त्याच बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळालेली साधी लेन्स, व्यवस्थित चालते, मग ही लेन्स विकून टाकू का? मी सांगतो, जरा थांबा. किट लेन्सवरही तीच चूक होत असू शकते, पण एफ ५.६ च्या डेप्थ ऑफ फील्डमध्ये, म्हणजे पुढे-मागे जेवढी खोली स्पष्ट दिसते तिच्यात, ती लपते. एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड जास्त उघडं आणि ही खोली कमी. फुल फ्रेम बॉडीवर ८५ एमएम एफ १.८ ला २ मीटरवर जेमतेम ६ सेंटीमीटरची खोली मिळते. तिथे काहीच लपत नाही.

चूक येते कुठून, ते आधी समजून घ्या. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) फोकस करताना सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, काहीच पाहत नसतो. मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावर पडून खाली, बॉडीच्या तळाशी असलेल्या ऑटोफोकस मोड्यूलवर जातो. लेन्सपासून त्या मोड्यूलपर्यंतचं अंतर आणि सेन्सरपर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं असावं लागतं. बॉडीत केसभर फरक, लेन्समध्ये केसभर फरक. दोन्ही कारखान्याच्या मर्यादेत असले तरी एकाच दिशेला पडले की बेरीज दिसायला लागते. म्हणून तीच लेन्स मित्राच्या बॉडीवर अचूक चालते आणि तुमच्या बॉडीवर चालत नाही. २००७ मध्ये कॅनन १डी मार्क ३ आणि निकॉन डी३, डी३०० यांच्यात हा फरक मेनूतून भरून काढायची सोय आली. कॅननमध्ये तिचं नाव एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट, निकॉनमध्ये एएफ फाइन-ट्यून. दोन्हीकडे मोजमाप उणे २० ते अधिक २०. प्राथमिक पातळीवरच्या बऱ्याच बॉडींमध्ये ही सोय नसते, तेव्हा मेनू आधी बघून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही सोय फक्त नेहमी एकाच दिशेला होणारी चूक सुधारते. फोकस एकदा पुढे, एकदा मागे असा भरकटत असेल तर कुठलाही आकडा उपयोगाचा नाही. मग कारण कमी प्रकाश, सपाट रंगाचा विषय, हलणारा हात किंवा खरंच बिघडलेली लेन्स यांपैकी काहीतरी असतं. लोक एक फोटो काढतात, फोकस मागे दिसतो म्हणून उणे ७ टाकतात आणि मोकळे होतात. तसं करू नका.

चाचणीसाठी महागडं काही लागत नाही. एका सपाट खोक्यावर वर्तमानपत्राचं पान घट्ट चिकटवा, मोठी मथळ्याची अक्षरं मधोमध येतील असं. शेजारी एक मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी टेकवा आणि तिच्यावरची एक ठळक खूण पानाच्या बरोब्बर रेषेत आणा. फोकस करायचा तो पानावर, पट्टीवर नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये जो चौकोन दिसतो त्यापेक्षा ऑटोफोकसचा खरा सेन्सर बहुतेक वेळा मोठा असतो. तिरक्या पट्टीवर रोखलं तर तो आपल्याला हव्या त्या खुणेऐवजी जवळची दुसरीच खूण पकडतो, आणि आपण कॅमेऱ्याची नसलेली चूक दुरुस्त करत बसतो. पान आणि कॅमेरा एकमेकांना समांतर आहेत ना, ते नीट तपासा.

कॅमेरा ट्रायपॉडवर. अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड) पूर्ण उघडं, म्हणजे एफचा सर्वांत लहान आकडा, फक्त मधला फोकस पॉइंट, सिंगल मोड (निकॉनचा एएफ-एस, कॅननचा वन शॉट), स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, सेल्फ टायमर किंवा रिमोट. उजेड दिवसाचा आणि भरपूर. पिवळ्या बल्बखाली हीच लेन्स थोडा वेगळा आकडा देऊ शकते, कारण वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश लेन्समधून नेमका एकाच ठिकाणी जुळत नाही. तुमचं काम प्रामुख्याने रंगमंचाच्या दिव्यांखाली असेल तर चाचणीही तशाच दिव्यांखाली घ्या.

अंतराबद्दल कॅननचा सल्ला फोकल लेंथच्या (लेन्सवर लिहिलेल्या एमएमच्या आकड्याच्या) ५० पट असा आहे, म्हणजे ८५ एमएमला सव्वाचार मीटर. पण तिथे एफ १.८ ला खोली सुमारे २७ सेंटीमीटर होते आणि बारीक फरक ओळखणं अवघड जातं. माझं मत असं की ज्या अंतरावरून तुम्ही रोज फोटो काढता त्याच अंतरावर जुळवणी करा आणि ५० पटीवर फक्त खात्री करून घ्या. पोर्ट्रेटवाल्याने दोन मीटरवर, पक्षी टिपणाऱ्याने दहा-पंधरा मीटरवर.

आधी मेनूतला आकडा शून्यावर ठेवा. प्रत्येक फोटोआधी फोकस रिंग हाताने फिरवून चित्र पूर्ण धूसर करा. एकदा अनंताच्या बाजूला, एकदा जवळच्या बाजूला, आलटून पालटून. मग व्ह्यूफाइंडरमधूनच फोकस, आणि क्लिक. असे आठ-दहा फोटो. त्यानंतर लाइव्ह व्ह्यू लावा, म्हणजे चित्र मागच्या पडद्यावर बघायची सोय, तिथे फोकस करून दोन-तीन फोटो काढा. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस सेन्सरवरूनच ठरतो, म्हणून हा आपला संदर्भ. लाइव्ह व्ह्यूचे फोटो धारदार आणि व्ह्यूफाइंडरचे सगळेच्या सगळे एकाच बाजूला मऊ, असं दिसलं की जुळवणीची गरज नक्की झाली.

हे फोटो संगणकावर १०० टक्के मोठे करून बघायचे, कॅमेऱ्याच्या पडद्यावर नाही. इथे माझी सगळ्यात आवडती खूण सांगतो. एफ १.८ किंवा एफ १.४ च्या बऱ्याच लेन्स पूर्ण उघड्या असताना फोकसच्या अलीकडच्या काळ्या रेघांना जांभळट कड येते आणि पलीकडच्या रेघांना हिरवट. पट्टीवरून नजर फिरवत गेलात तर जांभळा रंग फिकट होत एका जागी नाहीसा होतो आणि लगेच हिरवा सुरू होतो. जिथे रेघ निव्वळ काळी, तिथे फोकस. धार शोधताना डोळा फसतो, कारण शेजारशेजारच्या चार रेघा सारख्याच स्पष्ट वाटतात. रंगाचा बदल मात्र फार नेमका कळतो. वर्तमानपत्रावरही तेच. मथळ्याच्या अक्षरांच्या कडा हिरव्या दिसल्या तर पान फोकसच्या मागे पडलंय, म्हणजे फोकस पुढे आलाय: फ्रंट फोकस. जांभळ्या दिसल्या तर फोकस पानाच्या मागे गेलाय: बॅक फोकस. पट्टी ४५ अंशांत असल्याने तिच्यावरचे १० मिलिमीटर म्हणजे खोलीत साधारण ७, हेही लक्षात असू द्या.

दिशा दोन्ही कंपन्यांत एकच आहे. उणे आकडा फोकस कॅमेऱ्याकडे आणतो, अधिक आकडा लांब नेतो. कान धारदार येत असेल तर उणेकडे जा. एकेक पायरी चढत बसू नका. आधी उणे १० वर उडी मारा, परत सात-आठ फोटो, मग शून्य आणि उणे १० यांच्या मधलं नेमकं ठिकाण शोधा. त्या संचातला सर्वोत्तम फोटो निवडायचा मोह होतो, पण निर्णय घ्या तो बहुतेक फोटो कुठे पडतात त्यावरून.

कागद-पट्टीचा कंटाळा असेल तर दुसरी वाट आहे आणि लांब लेन्ससाठी मी तीच वापरतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये अचूक फोकस करा, लेन्स मॅन्युअलवर टाका, आता रिंगला हात लावायचा नाही. मग व्ह्यूफाइंडरमधून बघत शटर अर्धवट दाबा आणि फोकस लागल्याचा ठिपका बघा. मेनूत आकडा बदलत जा. समजा उणे २ पासून अधिक १० पर्यंत ठिपका स्थिर राहतो आणि त्याबाहेर लुकलुकतो, तर मधला आकडा म्हणजे अधिक ४ ठेवा. एकही फोटो काढावा लागत नाही. निकॉनने २०१६ मध्ये डी५ आणि डी५०० मध्ये हे काम कॅमेऱ्यावरच सोपवलं: लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून एएफ मोडचं बटण आणि व्हिडिओचं बटण दोन सेकंदांहून थोडं जास्त एकत्र दाबून धरायचं. आकडा थोडा इकडेतिकडे येतो, म्हणून चार-पाचदा करून मधला घ्या.

झूम लेन्स हा वेगळा विषय. कॅननने ५डी मार्क ३ पासून वाइड (सर्वांत कमी झूम) आणि टेली (सर्वांत जास्त झूम) टोकांना वेगळे आकडे देऊ केले. जिथे एकच आकडा देता येतो तिथे मी टेली टोकाला झुकतं माप देतो, कारण चूक तिथेच जास्त दिसते. टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंथ वाढवणारा, लेन्स आणि बॉडीच्या मधला जोड) लावला की ती नवी जोडी समजा आणि पुन्हा मोजा. सिग्मा आणि टॅमरॉनच्या डीएसएलआरसाठीच्या काही लेन्स मात्र थेट संगणकाला जोडून जुळवता येतात, सिग्माचा यूएसबी डॉक किंवा टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल हे छोटं उपकरण लावून. सिग्माच्या झूमला चार फोकल लेंथ गुणिले चार अंतरं, असे सोळा आकडे देता येतात. वेळखाऊ काम आहे, पण जवळ बरोबर आणि लांब चूक अशी लेन्स असेल तर यासारखा उपाय नाही.

मिररलेसवाल्यांनी (ज्यांच्या कॅमेऱ्यात आरसाच नसतो त्यांनी) यातलं बहुतेक सोडून द्यावं. तिथे फोकस सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे आरशाची ही भानगडच उरत नाही.

आकडा पक्का केल्यावर एक तपासणी चुकवू नका: लेन्स दूरच्या इमारतीवर किंवा चंद्रावर रोखा आणि नंतर लेन्सच्या सर्वांत जवळच्या अंतरावरही फोकस लागतो का ते बघा. मोठा आकडा दिला की यांपैकी एखादं टोक हातचं जाऊ शकतं. आणि आकडा १५ च्या पुढे जायला लागला तर मेनू बंद करा, बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्रच सर्व्हिस सेंटरला द्या. तिथून परत आल्यावर त्या बॉडीवरचे सगळ्या लेन्सचे जुने आकडे पुसून पुन्हा शून्यापासून मोजा.